येशूचे नाव: अर्थ आणि नामप्रार्थनेची पद्धत

प्रार्थनेच्या शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ हे ख्रिस्ती माणसाच्या तोंडून सहज निघून जाते. उपासनेत ते नाव आले की कुणी मान लववतो. कुणी हातात काम असतानाही तेच नाव मनात घोळवत राहतो. या सगळ्यामागे एक साधी श्रद्धा आहे: नाव घेतले की ज्याचे ते नाव, त्याच्याशी आपण बोलू लागतो. ही श्रद्धा धरून ठेवली तर नामप्रार्थना, म्हणजे येशूच्या नावाचे एक छोटे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे, कशी करायची, कुठे थांबायचे आणि काय टाळायचे हे बरेचसे आपोआप उलगडते. ती सुटली की नावाचा मंत्र होतो आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी वाचन

पद्धतीकडे वळण्यापूर्वी एक बैठक वाचनाला द्या. पाऊण तास पुरतो. बायबलमधले उतारे मोजकेच आहेत, पण क्रम बदलू नका.

सुरुवात मत्तय 1:18-25 पासून. देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो की मुलाचे नाव येशू ठेव, आणि त्याच वाक्यात कारणही देतो: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. हिब्रूत हे नाव येशुआ, त्याचे जुने लांब रूप यहोशुआ, आणि अर्थ ‘परमेश्वर तारण करतो’. आता देवदूताचे वाक्य पुन्हा वाचा. नाव म्हणते, परमेश्वर तारतो. देवदूत म्हणतो, हा मुलगा तारील. मत्तयाला जे सांगायचे आहे ते या जोडणीतच आहे. तारण कशापासून, हेही इथेच ठरते. लोक रोमी सत्तेपासून सुटकेची वाट पाहत होते. देवदूत पापांचे नाव घेतो. नामप्रार्थनेत ‘पापी’ हा शब्द का येतो, असे पुढे कधी वाटले तर याच ओळीकडे परत या.

मग लूक 1:31 आणि 2:21. मरीयेलाही हेच नाव आधी सांगितले गेले होते आणि आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ते ठेवले गेले. हे दोन मिनिटांचे वाचन आहे.

तिसरा उतारा गणना 13:16. मोशे नूनचा मुलगा होशेय याला यहोशवा (म्हणजे वर आलेले यहोशुआ) असे नाव देतो. ग्रीकमध्ये यहोशवा आणि येशू या दोघांचे रूप एकच होते, ‘येसूस’. म्हणून इब्री लोकांस पत्र 4:8 मूळ ग्रीकमध्ये वाचणारा क्षणभर अडखळतो: तिथला येसूस म्हणजे लोकांना वचनदत्त देशात नेणारा यहोशवा. त्या काळी हे नाव यहूदी घरांत सर्रास ठेवले जाई. कलस्सैकरांस 4:11 मध्ये युस्त म्हणून ओळखला जाणारा एक येशू पौलाचा सहकारी आहे. मत्तय 27:16-17 च्या काही हस्तलिखितांत तर बरब्बाचे नावही ‘येशू बरब्बा’ असे आहे. अक्षरांतच शक्ती असती तर ती या सगळ्यांच्या वाट्याला आली असती. म्हणून नवा करार नावाला ओळख जोडतो: नासरेथकर येशू, येशू ख्रिस्त, प्रभू येशू.

इथेच एक वाद निकालात काढून टाकावा. हिब्रू उच्चारच खरा, बाकीचे उच्चार निष्फळ, असे सांगणारे भेटतात. ग्रीकमध्ये ‘श’ हा ध्वनी नव्हता आणि पुरुषाच्या नावाला शेवटी ‘स’ लागे, म्हणून ‘येसूस’ झाले; आणि सबंध नवा करार तेच रूप वापरतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना जे चालले ते आपल्यालाही चालावे. मराठी ‘येशू’ मोकळ्या मनाने म्हणा.

चौथे वाचन सर्वांत महत्त्वाचे: फिलिप्पैकरांस 2:5-11, आणि त्यासोबत यशया 45:22-23. इथे घाई करू नका. पौल लिहितो की येशूने स्वतःला रिक्त केले, क्रुसावरच्या मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला, म्हणून देवाने त्याला सर्व नावांहून श्रेष्ठ असे नाव दिले; येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकावा आणि प्रत्येक जिभेने ‘येशू ख्रिस्त प्रभू आहे’ असे कबूल करावे. यशयात गुडघा आणि जीभ हेच शब्द परमेश्वर स्वतःबद्दल वापरतो, तेही ‘माझ्यावाचून दुसरा देव नाही’ असे बजावल्यावर लगेच. दोन्ही पाने समोरासमोर ठेवा आणि सारखे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. यहूदी लोक देवाचे चार अक्षरी नाव आदरापोटी उच्चारत नसत. वाचताना त्याऐवजी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असे म्हणत. ग्रीकमध्ये त्या जागी ‘क्यूरिओस’ हा शब्द आला. पौल येशूला नेमका तोच शब्द लावतो. (ते चार अक्षरी नाव उपासनेत उच्चारू नये, अशी सूचना रोमने कॅथलिक धर्मप्रांतांना 2008 मध्ये पुन्हा दिली, त्यामागे हीच परंपरा आहे.) एवढे ध्यानात आले की ‘प्रभू येशू’ हे दोन शब्द हलक्याने घेता येत नाहीत.

शेवटी प्रेषितांची कृत्ये. तिसऱ्या अध्यायात पेत्र जन्मापासून पांगळ्या असलेल्या माणसाला येशूच्या नावाने उठवतो आणि 4:12 मध्ये तारण दुसऱ्या कुठल्याही नावाने नाही असे सांगतो. त्याच्या जोडीला 19:13-16 वाचाच. स्किवाचे सात मुलगे, ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ’ असे म्हणून भुते काढायला जातात आणि मार खाऊन, उघडेनागडे होऊन पळतात. नाव बरोबर, उच्चारही बरोबर; नाव ज्याचे त्याच्याशी ओळख मात्र नाही.

‘येशूच्या नावाने’ मागणे

योहान 14:13-14 आणि 16:23-24 या वचनांचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. ‘माझ्या नावाने जे मागाल ते’ म्हणजे शेवटी हे शब्द चिकटवले की मागणी मंजूर, असे नाही. मुखत्यारपत्र हातात असलेला माणूस ज्याच्या नावाने सही करतो, त्याच्या इच्छेबाहेर जाऊ शकत नाही. गेलाच तर ती सही रद्द ठरते. येशूच्या नावाने मागायचे म्हणजे त्याच्या मनाशी जुळेल असे मागायचे. मागण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: तो माझ्या शेजारी उभा राहून हे ऐकत असेल, तर मी हेच मागेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर मागणी बदला, शेवटचे शब्द नव्हे.

चर्चची जुनी रीत अशी की प्रार्थना पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात. घरच्या प्रार्थनेलाही हाच सांगाडा ठेवला की बोलणे भरकटत नाही. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘येशू’ हे नाव कुठेच नाही, म्हणून ती अपुरी वाटण्याचे कारण नाही. ती त्याचीच प्रार्थना आहे आणि तिच्यातली पहिली मागणी ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ अशी आहे.

नामप्रार्थना: शब्द

पूर्ण वाक्य असे:

प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.

हे वाक्य दोन हाकांपासून विणलेले आहे. लूक 18 मध्ये दोन्ही सापडतात: छाती बडवून ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा जकातदार, आणि यरीहोच्या वाटेवर गर्दी गप्प करत असतानाही अधिकच मोठ्याने ‘येशू, दावीदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर’ असे ओरडणारा आंधळा. पाचव्या शतकात फोटिकीचा बिशप डायडोकस येशूचे नाव सतत मनात धरायला सांगतो. सातव्या शतकात सिनाय पर्वतावरचा संत योहान क्लिमाकस येशूचे स्मरण श्वासाशी जोडायला सांगतो. चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या अ‍ॅथोस पर्वतावरच्या मठांत ही साधना रुजली आणि संन्यासी ग्रेगरी पालामास याने तिची बाजू मांडली. या परंपरेतल्या लेखनाचा मोठा संग्रह, ‘फिलोकालिया’, व्हेनिसमध्ये 1782 साली छापला गेला. ही प्रार्थना मुळात पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेची, पण आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांतही ती म्हटली जाते.

प्रत्येक शब्दाला काम आहे. ‘प्रभू’ म्हणताना आपण मालकी मान्य करतो. ‘येशू’ हे तारणाऱ्याचे नाव. ‘ख्रिस्त’ म्हणजे अभिषिक्त, ज्याची इस्राएल वाट पाहत होते तो. ‘देवाच्या पुत्रा’ यात पिता आपोआप येतो. आणि पौल म्हणतो की पवित्र आत्म्यावाचून कुणालाही ‘येशू प्रभू आहे’ असे म्हणता येत नाही (1 करिंथकरांस 12:3), म्हणजे एवढ्याशा वाक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य आहे. ‘दया कर’ हे सगळ्या वाक्याचे टोक.

‘ख्रिस्ता’ आणि ‘पुत्रा’ ही हाकेची रूपे टिकवा. घाईत म्हणताना जीभ ‘ख्रिस्त’, ‘पुत्र’ अशी घसरते आणि हाक मारणे थांबून वर्णन सुरू होते. ऐकायला फरक बारीक आहे; प्रार्थनेत तो मोठा पडतो.

लांब वाक्य जड जात असेल तर ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’ चालते. आजारपणात किंवा फार थकव्यात नुसते ‘येशू’ पुरे. मात्र एका बैठकीत एकच रूप ठेवा. मधूनमधून शब्द बदलले की मन शब्दांचीच निवड करत बसते.

नामप्रार्थना: बैठक

ठरावीक वेळ निवडा, शक्यतो सकाळी, फोनला हात लावण्यापूर्वी. सुरुवातीला दहा-बारा मिनिटे. पाठ ताठ पण न ताणता बसा. उभे राहूनही चालते, ऑर्थोडॉक्स मठांत तीच रीत आहे. क्रुसाची खूण करा, अर्धा मिनिट गप्प राहा, मग पहिली काही वाक्ये स्वतःला ऐकू येतील इतक्या आवाजात म्हणा. नंतर ओठांतल्या ओठांत, आणि मन स्थिरावले तर मनात. मन पळाले की पुन्हा आवाजात या. त्यात माघार काहीच नाही.

गती शांत ठेवा. एका वाक्याला सहा-सात सेकंद लागावेत. या हिशेबाने 33 वेळा म्हणायला चार मिनिटांच्या आत-बाहेर आणि 100 वेळा म्हणायला साधारण बारा मिनिटे लागतात. बारा मिनिटांचे काम पाच मिनिटांत उरकत असेल तर शब्द गिळले जात आहेत.

श्वासाशी जोडायचे असेल तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’ आत घेताना, ‘मज पाप्यावर दया कर’ सोडताना. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही, मोजायचा नाही. गरगरले, छाती भरून आली किंवा धडधड वाढली तर श्वासाचा नाद तिथेच सोडा आणि वाक्य साधेपणाने म्हणा. शरीराच्या या युक्त्या मूळ प्रार्थनेला अत्यावश्यक नाहीत. रशियन संत थेओफान एकांतवासी याने तर त्यांबाबत सावध राहायला सांगितले. त्याचा भर ओठांकडून मनाकडे आणि मनाकडून हृदयाकडे जाण्यावर होता. हृदयाची पायरी खेचून आणता येत नाही.

मोजायला गाठींची दोरी वापरतात: ग्रीकमध्ये कोंबोस्किनी, रशियनमध्ये चोत्की. ती बहुधा काळ्या लोकरीची असते, गाठी 33, 50, 100 किंवा 300. प्रत्येक गाठ धाग्याचे लहान लहान क्रूस एकमेकांत गुंतवून बनते, म्हणून ती सहज सुटत नाही. दोरी डाव्या हातात धरा, म्हणजे उजवा हात क्रुसाच्या खुणेला मोकळा राहतो. अंगठा आणि तर्जनीत एक गाठ, एक प्रार्थना, मग पुढची गाठ. गाठींच्या मध्ये मणी गुंफलेला असेल तर तिथे क्षणभर थांबा. दोरी नसेल तर बोटांची पेरे आहेतच. दोरीचे काम मन मोजण्यापासून सोडवणे एवढेच. ती ताईत म्हणून मनगटाला बांधू नका.

काय बिघडते आणि का

सर्वांत आधी येते ती यांत्रिकता. तोंड चालू, मन बाजारात. मत्तय 6:7 मधला निरर्थक बडबडीचा इशारा याच ठिकाणी लागू होतो. येशूने वारंवारतेला दोष दिला नाही. गेथशेमाने बागेत त्यानेच तेच शब्द बोलून पुन्हा प्रार्थना केली (मत्तय 26:44). दोष आहे तो शब्दसंख्येने देवाला वळवता येते या समजुतीला. उपाय: संख्या निम्मी करा, गती कमी करा.

विचार येणारच. त्यांच्याशी झगडू नका, आणि ‘हा विचार का आला’ याचा तपासही करू नका. तो तपास हाच दुसरा विचार. पुढच्या वाक्याच्या पहिल्या शब्दावर परत या. शंभर वेळा पळालेले मन शंभर वेळा परत आणणे हीच त्या दिवसाची प्रार्थना.

संख्येचा अभिमान गुपचूप शिरतो. आज पाचशे झाले, उद्या हजार. धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशीही आठवड्यातून दोनदा उपास मोजत होता. ज्या दाखल्यातून जकातदाराची हाक आली त्याच दाखल्यात तो आहे. नेम लहान ठेवा, रोज पाळता येईल इतका, आणि तो कुणाला सांगू नका.

काही जणांना उब, प्रकाश, सुगंध, कधी एखादे रूप जाणवते. जुने गुरू इथे एकमताने बोलतात: स्वीकारू नका, शोधू नका, नावाकडे वळा. ऑर्थोडॉक्स परंपरेत या फसगतीला ‘प्रेलेस्त’ म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकातला बिशप इग्नाती ब्रियान्चानिनोव याने तिच्याबद्दल कळकळीने लिहिले आहे. प्रार्थना करताना डोळ्यांपुढे मुद्दाम चित्र उभे करू नये, हेही त्यातूनच येते.

‘मज पाप्यावर’ हे शब्द म्हणता म्हणता काही जण स्वतःचाच द्वेष करू लागतात. जो आधीच अपराधाच्या ओझ्याखाली दबला आहे त्याला हा धोका जास्त. वाक्याचा तोल ‘दया’वर आहे, ‘पापी’वर नाही. अशा वेळी ‘मज पाप्यावर’ऐवजी ‘माझ्यावर’ म्हणा, बैठक लहान करा आणि धर्मगुरू किंवा अनुभवी मार्गदर्शकाशी बोला. मन फारच खचले असेल तर डॉक्टरांकडेही जा. प्रार्थना उपचारांची जागा घ्यायला आलेली नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे नावालाच देव मानणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅथोसवरच्या रशियन संन्याशांत ‘देवाचे नाव म्हणजे स्वतः देव’ या मतावरून मोठा वाद पेटला. 1913 साली रशियन चर्चच्या सिनोदने, म्हणजे सर्वोच्च मंडळाने, ते मत नाकारले आणि आठशेहून अधिक संन्याशांना जहाजांत घालून रशियाला नेण्यात आले. ती बळजबरी दुःखद होती यात शंका नाही. तरी वादाचा गाभा रोजच्या साधनेतही उपयोगी पडतो: नाव त्याच्याकडे नेते, म्हणून ते पवित्र, ध्वनी म्हणून त्याची पूजा करायची नाही.

आणि रागात, वैतागात, चेष्टेत हे नाव उद्गार म्हणून फेकायची सवय असेल तर ती आधी मोडा. निर्गम 20:7 ची आज्ञा फक्त खोट्या शपथेपुरती नाही. तोंडातून गेलेच तर अपराधी चेहरा करून बसण्यापेक्षा तिथेच ‘दया कर’ जोडा; वाया जाणारे नाव प्रार्थनेत वळते.

खुणा, नमन आणि सण

वेदीवर किंवा वस्त्रांवर ‘आयएचएस’ अशी तीन अक्षरे दिसतात, ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत: आयोटा, ईटा, सिग्मा. मोठ्या लिपीतला ईटा हुबेहूब रोमन ‘एच’सारखा दिसतो, म्हणून लोक त्यांत लॅटिन वाक्ये वाचू लागले. सुरुवातीच्या हस्तलिखितांत पवित्र नावे पूर्ण न लिहिता दोन-तीन अक्षरांत लिहून वर आडवी रेघ ओढत. त्या रेघेवरून नाव चटकन ओळखू येई. ऑर्थोडॉक्स चित्रांत येशूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या अक्षरजोड्या याच पद्धतीच्या, नावाचे आणि ‘ख्रिस्त’चे पहिले व शेवटचे अक्षर घेऊन केलेल्या. सिएनाचा संत बर्नर्डिन (1380–1444) ‘आयएचएस’ कोरलेली, किरणांनी वेढलेली फळी दाखवून प्रवचन करी. मूर्तिपूजेचा आरोप येऊन त्याला पोप पाचवा मार्टिन याच्यापुढे उभे राहावे लागले आणि तो निर्दोष ठरला.

येशूचे नाव आले की मान लवविण्याची रीत 1274 च्या लिओनच्या दुसऱ्या परिषदेने कॅथलिकांना घालून दिली. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या, नियमांत ती आजही आहे. करायची कशी? फक्त डोके, हलकेच, बोलणे न थांबवता. कमरेतून वाकणे वेगळ्या जागी असते.

पवित्र नावाचा सण 1721 मध्ये सगळ्या कॅथलिक चर्चला लागू झाला, 1969 च्या सुधारणेत वगळला गेला आणि 2002 च्या मिस्साग्रंथात 3 जानेवारीला ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परतला. अँग्लिकन आणि लुथरन परंपरेत नामकरणाचे स्मरण 1 जानेवारीला येते, नाताळपासून आठव्या दिवशी.

चौघांत म्हणायची असेल तर

घरी किंवा लहान गटात नामप्रार्थना म्हणताना सगळ्यांनी एकसुरात म्हणू नये. लय लागते आणि गाणे होते. एकाने स्पष्ट, सपाट आवाजात वाक्य म्हणावे, बाकीच्यांनी मनात घ्यावे. 33 झाल्यावर दुसऱ्याने सुरू करावे. ‘मज पाप्यावर’ऐवजी ‘आम्हांवर’ म्हणता येते. मुले असतील तर दहा पुरेत, आणि त्यांना लहान रूप द्या: ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर’. सुरू करण्यापूर्वी मत्तय 1:21 मोठ्याने वाचा, म्हणजे कुणाला हाक मारत आहोत हे त्यांना कळेल, आणि सगळे झाल्यावर मिनिटभर कुणी काही बोलू नये.